अनेक हातांनी लिहिलेला ग्रंथ

शाळेत लिहिलेल्या निबंधाचे आयुष्य फार थोडे असते. विद्यार्थी तो रात्री लिहितो, शिक्षक दुसऱ्या दिवशी त्यावर लाल शाईची खूण करतात, आणि वर्ष संपले म्हणजे वही रद्दीत जाते. त्या निबंधास वाचक एकच लाभतो, आणि त्या वाचकास त्यातील मजकूर बहुधा आधीच ठाऊक असतो. अशा लेखनाने अक्षर सुधारते, भाषाही थोडीफार सुधारते. परंतु आपण लिहिलेल्या गोष्टीवर कोणी विसंबणार आहे, ती चुकीची निघाल्यास कोणाची तरी दिशाभूल होणार आहे, ही जाणीव लिहिणाऱ्याच्या मनात सहसा उत्पन्न होत नाही.

आता याच विद्यार्थ्याने आपल्या गावाजवळच्या किल्ल्याविषयी चार वाक्ये संगणकावर, सर्वांस खुल्या असलेल्या एका ज्ञानकोशाच्या पानावर लिहिली, अशी कल्पना करू. ‘हा किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला’ हे त्यांतील पहिले वाक्य. दुसऱ्या दिवशी पाहतो तो त्या वाक्याच्या शेवटी कंसात दोन शब्द उमटलेले आहेत: ‘संदर्भ हवा’. ते कोणी लिहिले हे त्यास ठाऊक नाही. लिहिणारा नाशिकचा असेल, इंदूरचा असेल, किंवा परदेशी स्थायिक झालेला एखादा मराठी अभियंताही असेल. तो रागावलेला नाही, त्याने गुणही कापलेले नाहीत. त्याने एवढेच विचारले आहे, की तुला हे कोठून कळले?

अनेकांनी मिळून, एकमेकांचे लेखन तपाशीत, सामायिक ज्ञान रचावयाचे आणि ते रचीत असताना स्वतः शिकावयाचे, अशी एक पद्धती संगणकाच्या साह्याने गेल्या चार दशकांत जगभर रूढ होत आली आहे. तिचे यश आणि तिचे अपयश ही दोन्ही या एका प्रश्नाभोवती फिरतात.

विमानतळावरील बस

१९९५ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम या संगणकतज्ज्ञाने एक लहानसे साधन प्रसिद्ध केले. आपल्या व्यवसायबंधूंचे अनुभव एके ठिकाणी नोंदले जावेत, एवढाच त्याचा हेतू होता. त्या काळी इंटरनेटवरील पान बव्हंशी छापील पानासारखेच असे. लिहिणारा लिही आणि वाचणारा वाची. कनिंगहॅमने पानावरच संपादनाची सोय ठेवली. ती उघडली की वाचणाराच लेखक होई, आणि त्यासाठी कोणाची अनुज्ञा लागत नसे. हे सारे झटपट घडे, म्हणून त्याने या साधनास नाव दिले ते होनोलुलूच्या विमानतळावर प्रवाशांची ने-आण करणाऱ्या ‘विकी विकी’ बसचे. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे जलद.

पुढे २००० साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी इंटरनेटवर एक विनामूल्य ज्ञानकोश काढण्याचे ठरविले. ‘न्यूपीडिया’ हे त्याचे नाव. लेख तज्ज्ञांनी लिहावेत आणि प्रत्येक लेखाने परीक्षणाच्या सात पायऱ्या ओलांडाव्यात, असा नियम केला होता. नियम चांगला होता यात शंका नाही. परंतु पहिल्या वर्षात सुमारे वीसच लेख तडीस गेले. तेव्हा कच्चे लेख तयार करण्यापुरती कनिंगहॅमची पद्धत वापरून पाहावी असा विचार निघाला, आणि १५ जानेवारी २००१ रोजी ‘विकिपीडिया’ सुरू झाला. मदतीस म्हणून आणलेल्या या धाकट्या भावाने वर्षअखेर वीस हजारांच्या आसपास लेख जमविले. थोरला २००३ मध्ये बंद पडला. आज विकिपीडियाच्या आवृत्त्या तीनशेहून अधिक भाषांत आहेत आणि इंग्रजी आवृत्तीतील लेखांची संख्या सत्तर लाखांच्या पुढे गेली आहे. मराठी आवृत्तीचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. तीत आज एक लाखाच्या आसपास लेख आहेत.

अनेकांनी मिळून ग्रंथ रचण्याची कल्पना संगणकानेच आणली, असे मात्र कोणी समजू नये. ऑक्सफर्डच्या विख्यात इंग्रजी शब्दकोशासाठी संपादक जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये सर्व इंग्रजी वाचकांस आवाहन केले होते. शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या वाक्यात आढळला, हे कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवून शेकडो हौशी वाचकांनी ते पाठविले, आणि त्या चिठ्ठ्यांच्या राशींतून १९२८ मध्ये तो कोश पुरा झाला. आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी रीतसर मंडळी स्थापून लोकांकडून भांडवल उभे केले आणि २३ खंडांचे ते काम विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सिद्धीस नेले. या ग्रंथांत अनेक हात राबले. परंतु कोणाची चिठ्ठी स्वीकारली, कोणाची टाकली आणि का टाकली, हे वाचकास कधी दिसले नाही. ते संपादकाच्या कचेरीत घडले आणि तेथेच राहिले.

धूळपाटी, चावडी आणि सांगकाम्या

विकीची खरी नवलाई येथे आहे. तीत कोणतेही पान कोणीही बदलू शकतो, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असते; परंतु कोणताही बदल जुना मजकूर पुसून टाकीत नाही, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. प्रत्येक बदलाबरोबर पानाची एक नवी प्रत जतन होते. कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द घातला वा काढला, याचा इतिहास प्रत्येक पानामागे असतो. दोन प्रती शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात, आणि नवी प्रत वाईट ठरल्यास जुनी क्षणात परत आणता येते. पान बिघडविण्यास जेवढे श्रम पडतात त्याहून ते पूर्ववत करण्यास कमी पडतात. दार उघडे ठेवूनही घर शाबूत राहते ते बहुतांशी या कारणाने.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने या इतिहासाचे मोल फार आहे. छापलेला लेख आपणास सिद्ध स्वरूपातच भेटतो. तो लिहिताना लेखक कोठे अडखळला, कोठे चुकला, हे कळावयास मार्ग नसतो. येथे एखाद्या लेखाच्या पहिल्या दोन ओळींपासून आजच्या विस्तारापर्यंतचा सर्व प्रवास उलगडून पाहता येतो. शिवाय प्रत्येक लेखास जोडून एक चर्चेचे पान असते, आणि वाद व्हावयाचा तो तेथे होतो.

मराठी विकिपीडियाच्या कर्त्यांनी या व्यवस्थेतील निरनिराळ्या जागांस जी नावे दिली आहेत, ती मोठी समर्पक आहेत. नवख्याने हात बसविण्यासाठी लिहावे आणि पुसावे, ती जागा ‘धूळपाटी’. जुन्या गावठी शाळांत मुले पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवीत, तिची आठवण या नावात आहे. सर्वांच्या हिताचे प्रश्न जेथे मांडावयाचे ती ‘चावडी’. आणि तीच ती किरकोळ दुरुस्ती हजारो पानांवर न कंटाळता करणारा जो संगणकीय कार्यक्रम असतो, त्याचे नाव ‘सांगकाम्या’.

आता आपल्या विद्यार्थ्याकडे पुन्हा वळू. ‘संदर्भ हवा’ हे शब्द काढून टाकण्याचा एकच प्रामाणिक उपाय त्याच्यापाशी आहे, तो म्हणजे ग्रंथालयात जाणे. तेथे त्यास जिल्ह्याचे जुने गॅझेटियर मिळते. त्यात लिहिलेले असते की, किल्ला भोजाने बांधला अशी आख्यायिका आहे. आख्यायिका! त्यास वाटत होते की हा इतिहास आहे. दुसऱ्या एका पुस्तकात किल्ल्याचे आजचे बांधकाम आदिलशाहीच्या काळातील असल्याचे म्हटलेले आढळते. विकिपीडियाचा नियम असा, की प्रतिष्ठित ग्रंथांत मतभेद असेल तर दोन्ही मते, ज्याची त्याच्या नावावर, पक्षपात न करता मांडावीत. आणि आपण स्वतः लावलेला शोध, कितीही खरा वाटला तरी, तेथे घालू नये. विद्यार्थी आपले वाक्य पुन्हा लिहितो. ते लांबते, त्याचा पूर्वीचा डौल जातो, आणि त्यात ‘परंपरेनुसार’ हा एक शब्द नव्याने येतो. या एका शब्दासाठी त्यास दोन पुस्तके उघडावी लागली.

चूक कोण काढतो?

ज्या ग्रंथात कोणीही लिहितो त्यावर विश्वास कसा ठेवावा, हा आक्षेप पहिल्या दिवसापासूनचा आहे आणि तो निराधार नाही. २००५ मध्ये एका ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कोणी खोडसाळपणे केनेडी-हत्येशी त्याचा संबंध जोडणारा मजकूर घातला, आणि तो चार महिने तसाच राहिला. त्यानंतर त्याच वर्षी इंग्रजी आवृत्तीत नोंदणी न केलेल्यांस नवा लेख सुरू करण्याची मनाई झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ लेखांच्या जोड्या तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. त्यांत विकिपीडियात १६२ आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात १२३ लहानमोठ्या चुका आढळल्या. गंभीर चुका दोहोंकडे चार-चार. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर कडक आक्षेप घेतला. आमच्या मते यातून एकच गोष्ट निश्चित होते: ज्ञानकोश कोणताही असो, चुका त्यात असतातच.

प्रश्न उरतो तो चुका काढणारे किती आणि कोण, हा. जेथे राबणारे हात हजारो आहेत तेथे खोडसाळपणा पुष्कळदा काही मिनिटांतच निपटला जातो. जेथे ते मोजके आहेत तेथे चूक वर्षानुवर्षे सुखाने नांदते, आणि आपल्या देशी भाषांची स्थिती पुष्कळशी अशी आहे. शिवाय हे हात समाजाच्या सर्व थरांतून येत नाहीत. २०११ मध्ये विकिपीडियाच्या लेखकांची जी पाहणी झाली तीत स्त्रियांचे प्रमाण शेकडा दहाहूनही कमी आढळले होते.

पुण्यातील प्रयोग

त्याच साली हिंदुस्थानात एक मोठा प्रयोग झाला. विकिपीडियाचा कारभार पाहणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाने पुण्यातील काही महाविद्यालयांत अशी योजना आखली की, विद्यार्थ्यांनी नेहमीच्या स्वाध्यायाऐवजी आपल्या अभ्यासविषयावर इंग्रजी विकिपीडियात लेख लिहावेत. हेतू उत्तम होता. वहीत कुजणारे लेखन जगासमोर येईल, विद्यार्थ्यास वाचक मिळेल आणि ज्ञानकोशास लेखक. शेकडो विद्यार्थी कामास लागले.

थोड्याच आठवड्यांत निराळेच दृश्य दिसू लागले. पुष्कळ विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतील आणि इंटरनेटवरील उतारे जसेच्या तसे उतरवून घातले होते. प्रताधिकार असलेला मजकूर विकिपीडियात ठेवता येत नाही. तो काढलाच पाहिजे. एका विद्यार्थ्याचे असे लेखन शोधून काढावयास त्यास लिहावयास लागला त्याहून कितीतरी अधिक वेळ लागे, आणि हे काम जगभरच्या बिनपगारी स्वयंसेवकांच्या माथी आले. काढलेला उतारा पुन्हा घातला जाई, पुन्हा काढला जाई. त्यांच्या सहनशक्तीचा अंत झाला तेव्हा, वर्ष सरण्यापूर्वीच, प्रयोग आवरता घेण्यात आला.

अपयशाची कारणे पुढे तपासली गेली, आणि ती प्रतिष्ठानाने झाकून ठेवली नाहीत, हे त्याच्या श्रेयास जमा केले पाहिजे. आरंभीच फार मोठी संख्या घेतली. विद्यार्थ्यांस मार्ग दाखविण्यासाठी जे नेमले होते त्यांतील बरेचसे स्वतःच या लेखनात नवखे होते. चर्चेच्या पानावर सूचना मिळत, पण ते पान कोठे असते हेच अनेकांस ठाऊक नव्हते.

एवढे सांगून विद्यार्थ्यांस दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस तसे करवत नाही. ज्या मुलास दहा-बारा वर्षे असे शिकविले गेले की, उत्तम उत्तर म्हणजे पुस्तकातील वाक्य पुस्तकातल्याच शब्दांत, त्यास ‘स्वतःच्या शब्दांत लिही आणि कोठून घेतलेस ते सांग’ ही आज्ञा एका सत्रात कशी उमगावी? आपल्या परीक्षांत उतरवून काढणे हा बव्हंशी गुणच समजला जातो. तोच गुण दुसऱ्या अंगणात गुन्हा ठरला. आज तर लेखच्या लेख रचून देणारी यंत्रे कोणत्याही विद्यार्थ्याच्या हाती आली आहेत. अशा मजकुरात जगात कधी न छापलेल्या पुस्तकांचेही संदर्भ ऐटीत दिलेले आढळतात. उतरवून काढणाऱ्यापाशी निदान मूळ पुस्तक तरी असे.

टोरांटोचा वर्ग

साधन तेच असता फळ निराळे का मिळते, हे पाहण्यासाठी थोडे मागे, १९८० नंतरच्या दशकातील कॅनडात गेले पाहिजे. विकीचा जन्म व्हावयाचा होता. टोरांटो येथील मार्लिन स्कार्डामालिया आणि कार्ल बेराइटर हे दोन संशोधक मुलांच्या लेखनाचा अभ्यास करीत होते. त्यांना लेखनाच्या दोन रीती दिसल्या. पहिलीत, विषय दिला की त्याविषयी जे आठवेल ते मूल क्रमाने सांगत जाते आणि आठवण संपली की थांबते. दुसरीत, लिहिता लिहिता लेखकास आपल्याच समजुतीतील भेग दिसते, तो मागे फिरतो, आणि लेख संपेपर्यंत त्याचे मूळचे ज्ञानच बदललेले असते. शाळेतील निबंध बहुतेक पहिल्या रीतीचे असतात. दुसरी रीत केवळ प्रतिभावंतांसाठी राखून ठेवावी काय?

त्यांनी संगणकांच्या जाळ्यावर एक सामायिक जागा रचली, आणि १९८६ मध्ये ती प्राथमिक शाळेच्या वर्गात नेली. तीत मुले टिपणे लिहीत. कोणाचेही टिपण कोणीही वाचू शके आणि त्यास आपले टिपण जोडू शके. मात्र टिपण कोणत्या जातीचे आहे हे सांगावे लागे: ‘माझी उपपत्ती’, ‘मला समजून घ्यावयाचे आहे’, ‘नवी माहिती’. हेच साधन पुढे १९९७ पासून ‘नॉलेज फोरम’ या नावाने अनेक देशांतील शाळांत गेले.

या लहानशा लेबलांत काय आहे, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, आपल्या एखाद्या वर्गाने प्रश्न घेतला की, उंच माडाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढते कसे? एक मुलगी लिहिते: ‘माझी उपपत्ती: मुळे पंपासारखी पाणी वर ढकलतात.’ दुसरा त्याखाली लिहितो: ‘मला समजून घ्यावयाचे आहे: निशिगंधाची तोडलेली काडी शाईच्या पाण्यात ठेवली तर फुलावर रंग चढतो. तेथे मूळ कोठे आहे?’ वर्ग येथे अडतो, आणि हे अडणे मोलाचे आहे. तिसरा पुस्तक धुंडाळून आणतो: ‘नवी माहिती: पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते आणि त्या ओढीने सूक्ष्म नळ्यांतील पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो.’ पहिली मुलगी आता आपले टिपण खोडीत नाही. ते तेथेच राहते, आणि ढकलणे व ओढणे यांतील भेद सांगणारे नवे टिपण ती त्यावर रचते. येथे तिने कोणते पुस्तक उतरवून काढावे? तिच्या चुकीच्या उपपत्तीचे आणि मित्राच्या अडचणीचे उत्तर कोणत्याही पुस्तकात त्या रूपात लिहिलेले नाही. चुकीची उपपत्ती सांगण्याची लाज वाटू नये, असे वातावरण राखणे हे मात्र शिक्षकाचे काम, आणि ते अवघड आहे. संगणक त्यात फारशी मदत करीत नाही.

पुस्तकात नसलेले ज्ञान

केरळात सरकारी शिक्षण-तंत्रज्ञान योजनेने २००९ मध्ये ‘स्कूल विकी’ सुरू केली. तीत मलयाळम भाषेतून प्रत्येक शाळेने आपला इतिहास, आपल्या परिसराची माहिती स्वतः लिहावयाची असते, आणि राज्यातील पंधरा हजारांवर शाळांस तीत स्थान आहे. गावच्या तळ्याचे, जत्रेचे, जुन्या शिक्षकांचे वृत्तांत लिहावयाचे म्हणजे मुलांस म्हाताऱ्या माणसांकडे जावे लागते.

येथे ‘संदर्भ हवा’ हा नियम आपणांस अडचणीत टाकतो. आजीस ठाऊक असलेली वनस्पती, गुराख्यांचा खेळ, देवीच्या उत्सवातील विधी यांविषयी कोणी पुस्तकच लिहिलेले नसेल तर? मग ते ज्ञान नव्हे काय? अचल प्रभला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या प्रश्नाला हात घातला. हिंदी, मलयाळम आणि दक्षिण आफ्रिकेतील उत्तर सोथो या भाषांत त्यांनी जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि ती ध्वनिमुद्रणेच लेखांस आधार म्हणून जोडून पाहिली. विकिपीडियाच्या लेखकवर्गात यावर कडाक्याचा वाद झाला. ऐकीव गोष्टीस आधार मानले तर कोणीही काहीही सांगेल, हे म्हणणेही खोटे नव्हते. वाद मिटला आहे असे म्हणता येत नाही.

ज्या शाळेस याहून साध्या कामाने आरंभ करावयाचा असेल तिच्यासाठी विकिस्रोत हे ठिकाण आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे लोटली की आपल्या कायद्याने सामान्यतः त्याचे ग्रंथ सर्वांचे होतात. अशा जुन्या मराठी पुस्तकांच्या पानांची छायाचित्रे तेथे एका अंगास दिसतात आणि शेजारी त्यांचा मजकूर टंकलिखित करावयाचा असतो. यंत्र अक्षरे ओळखून देते, पण ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांत ते गोंधळते. एका विद्यार्थ्याने पान मूळ प्रतीशी ताडून पाहिले की त्याची खूण तांबडीची पिवळी होते. ती हिरवी होण्यासाठी ते पुन्हा एकदा, अथपासून इतिपर्यंत, तपासावे लागते. आणि ते दुसऱ्याने तपासावे लागते. ज्याने पिवळी खूण केली त्यास हिरवी करण्याची सोयच तेथे ठेवलेली नाही.